आग्रहाचा अंमल

खानापूर तालुक्याची कचेरी खानापुरात नसून विट्यात आहे, ही वस्तुस्थिती ज्याने एकदा शांतपणे स्वीकारली, त्याला या मुलखातील पुढच्या कोणत्याही विपर्यासाचे आश्चर्य वाटू नये. तथापि विट्याजवळच्या एका खेड्याच्या यात्रेत, मी स्पष्ट शब्दांत नकार देत असतानाच आणखी एक सबंध पुरणपोळी माझ्या पानावर अवतीर्ण झाली, तेव्हा माझे धैर्य किंचित डळमळले.

हा घाटमाथा पूर्वापार अवर्षणग्रस्त. जमिनीने पोट भरेना म्हणून येथील माणसे सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई धंद्यात शिरली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सराफकट्ट्यांवर पांगली. वर्षभर कुलूप मिरवणारी त्यांची घरे यात्रेला अशी गजबजतात की, ओसरीवर नातवंडे तमिळमध्ये भांडतात आणि आजी त्यांचा निवाडा गावरान मराठीत करते. दोन्ही पक्षांना निकाल मात्र बिनचूक कळतो.

माझे यजमान याच धंद्यातले. मुशीतून निघालेल्या सोन्यातील गुंजभर हिणकसही ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, अशा या गृहस्थांना 'अर्धीच वाढा' या विनंतीतील अर्ध्याचे माप काही केल्या उमगेना. येळवणीची आमटी वाटीच्या काठाला भिडल्यावरही वाढप्याची पळी थांबली नाही. पानावर दोन्ही हात आडवे धरणे हा पाहुण्याचा अखेरचा कायदेशीर बचाव. परंतु हातांवरूनच गुळवणी ओतण्याचा वाढप्याचा वहिवाटी हक्क निर्वेध असल्यामुळे तोही तत्काळ खारीज झाला. "पाव्हणं, लाजू नगासा!" असे यजमानीणबाई आतून म्हणाल्या. लाजण्याइतपत जागा माझ्यात कोठे उरली होती?

बल्गेरियातील खेडीही देवाधर्माच्या जेवणावळीत मागे नाहीत. सेंट जॉर्जच्या दिवशी, म्हणजे 6 मे रोजी, तेथे कोकराचा मान असतो. गावच्या 'कुर्बान'साठी मोठमोठ्या कढयांत मटण शिजते आणि ग्रामस्थ आपापली भांडी आणून त्यातील वाटा घरी नेतात. या व्यवस्थेतील दूरदृष्टी मला त्या पाटावर बसून प्रथमच उमगली: भांडे भरल्याचे वाढणाऱ्यास दिसते, पाहुण्याच्या पोटाला तशी पारदर्शकता नाही.

कुस्त्यांच्या मैदानाचे निमित्त करून मी निसटलो खरा. पण वाटेतील प्रत्येक उंबऱ्यावर, ज्यांची माझी जन्मात ओळख नव्हती अशा सद्गृहस्थांनी मला नुसता घोटभर चहा म्हणून थांबवले आणि चहाच्या आधी पोळीच पुढे केली. मैदानात पोचेपर्यंत माझी चाल एखाद्या नामांकित मल्लासारखी भारदस्त झाली असावी, कारण दारावरच्या स्वयंसेवकाने आदराने वाट करून देत, "जोड ठरलीय का?" असे विचारले.

सायंकाळी यजमानांनी माझी अवस्था समाधानाने न्याहाळली.

"आज बेतानंच जेवलासा, ते ब्येस केलंत," ते म्हणाले. "खरी जत्रा उद्या. उद्या मटण हाय!"