वीस हजारांची लेन्स

सात किलो. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण एवढंच वजन मिळतं. आता बेरीज करू. निकॉनची झेड माउंटची 600 मिलिमीटर एफ/4 लेन्स 3,260 ग्रॅम. झेड 9 बॉडी, बॅटरी आणि कार्डासह, 1,340 ग्रॅम. काझीरंग्याला एका बॉडीवर कोणी जात नाही, म्हणून आणखी एक तशीच. जोडीला 70-200, कॉलर धरून 1,440. झाले 7,380 ग्रॅम. बॅग अजून धरलेलीच नाही.

बॅगेऐवजी पेलिकनची 1510 पेटी घ्या म्हणतात. ती खास विमानात वर ठेवता यावी म्हणून बनवलेली. पण रिकामीच पाच किलोंच्या पुढे भरते. उरलेल्या दीड-दोन किलोंत एक बॉडी आणि एक लहान लेन्स बसते. नियमात राहून लांब पल्ल्याची लेन्स नीट बंदोबस्तात वर नेता येतच नाही. ही गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण काउंटरवर छायाचित्रकाराशी बोलतात ते तो काही सवलत चोरायला आल्यासारखं.

काउंटरवरचं उत्तर ठरलेलं: चेक-इनला टाका.

टाकू. पण तिकिटामागच्या अटी वाचा. नाजूक आणि मौल्यवान वस्तू चेक-इन सामानात ठेवू नका, ठेवल्यास जबाबदारी आमची नाही, असं बहुतेक कंपन्या लिहून ठेवतात आणि त्या वस्तूंत कॅमेरा हमखास असतो. म्हणजे वर नेऊ देत नाहीत, खाली टाकायला लावतात आणि खाली मोडली तर हात झटकतात. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, उशिरा आलं किंवा मोडलं तर भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे 20,000 रुपये. वरच्या 600 मिलिमीटर लेन्सची किंमत दहा लाखांच्या पुढे आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार लागू होतो, त्याची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक). रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. बरं, पण लेन्सला पुरेसं नाहीच.

आणि हे सामान हौसेचं असतं, हा समज काढून टाका. उदयपूरच्या लग्नाला निघालेला कोल्हापूरचा किंवा नाशिकचा छायाचित्रकार दोन बॉड्या, तीन लेन्स, फ्लॅश आणि गिंबल घेऊन चढतो, त्यातल्या निम्म्याचे हप्ते अजून चालू असतात. हळदीच्या दिवशी पेटी उघडून माउंट वाकलेला दिसला तर हळद पुन्हा होत नाही. त्याचं नाव जातं, पुढची तीन कामं जातात. वीस हजारांत यातलं काय भरून निघतं?

वजनाच्या नियमाचं समर्थन असं करतात की वरच्या कप्प्यातून जड बॅग डोक्यावर पडेल. काळजी रास्त आहे. पण ब्रिटिश एअरवेज 23 किलोंची हातातली बॅग चालवून घेते, प्रवाशाला ती स्वतः उचलून वर ठेवता आली पाहिजे एवढीच अट. त्यांच्याकडेही एअरबस ए320 आहेत, आपल्याकडेही त्याच उडतात. तेव्हा सात हा आकडा विमानाने ठरवलेला नाही.

विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए हिचं एक परिपत्रक आहे, कंपन्यांनी कोणत्या सेवांना वेगळे पैसे लावावेत याचं. त्यात खेळाचं साहित्य आहे, वाद्यं आहेत. कॅमेरा नाही. पण त्याच यादीत मौल्यवान सामानाची किंमत आधी जाहीर करून, जादा शुल्क भरून, भरपाईची मर्यादा वाढवून घेण्याची सोय आहे. माँट्रियल करारातही ती आहे. काउंटरवर कोणी आपणहून हे सांगितल्याचं मला आठवत नाही. तुम्ही विचारा. विमान कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तोवर पेटी तरी नीट भरा. लेन्स आणि बॉडी नेहमी वेगळी. जोडून ठेवलेली जड लेन्स पेटीसकट आपटली की सगळा झटका माउंटच्या कड्यावर येतो. वरून ओरखडाही दिसत नाही आणि फोकस एका बाजूला सुटलेला असतो. फोम लेन्सच्या मापाने कापलेला हवा. पेटी बंद करून जोरात हलवा, आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा भरा. ट्रायपॉडची पकड काढून ठेवा, हूड उलटा लावा. चांगल्या पेटीला हवेच्या दाबाची झडप असते, ती बुजलेली नाही ना हे पाहा, नाहीतर उतरल्यावर झाकण उघडता उघडत नाही. पेटीवर कॅमेरा कंपन्यांचे स्टिकर नकोत. अनुभवी मंडळी ती साध्या, जुनाट दिसणाऱ्या सूटकेसमध्येच घालतात, आणि ते शहाणपणाचं आहे. ट्रायपॉड खुशाल चेक-इनला द्या, सुरक्षा तपासणीत तो अडवला जाण्याची शक्यता असतेच.

मोपा किंवा चिपी विमानतळावर उतरल्यावर पेटी लगेच उघडू नका. सामानाच्या कप्प्यात गार पडलेल्या काचेवर कोकणची दमट हवा बसली की बाष्प धरतं, आणि बुरशीला तेवढं पुरतं. खोलीत दोन तास बंद राहू द्या, सिलिका जेलच्या पुड्या आत असू द्या.

बॅटऱ्यांबाबत मात्र हुज्जत घालू नका, इथे नियम बरोबर आहे. लिथियमची सुटी बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही, कारण खाली पेटली तर विझवायला कोणी नसतं. 100 वॉट-तासांपर्यंतच्या हातातल्या बॅगेत चालतात, 100 ते 160 मधल्या दोन, तेही कंपनीची परवानगी घेऊन, त्यावरच्या नाहीतच. झेड 9 ची बॅटरी 36 वॉट-तासांची आहे. व्हिडिओवाल्यांच्या व्ही-माउंट बॅटऱ्या 98 च्या असतात त्या याच मर्यादेसाठी. टोकांना चिकटपट्टी लावा.

जबलपूरसारख्या ठिकाणी एटीआर हे लहान विमान जातं. त्याचे वरचे कप्पे लहान, म्हणून विमानाच्या दारातच हातातली बॅग काढून घेतात आणि ती खाली जाते. त्यासाठी बॅटऱ्या आणि कार्डं अशा थैलीत ठेवा जी दारात उभ्या उभ्या काढता येईल. शूट झालेली कार्डं तर अंगावरच हवीत. लेन्स दुसरी मिळते. काल टिपलेली वाघीण दुसरी मिळत नाही.

स्वतंत्र विमा काढा, आणि चेक-इनमधली उपकरणं त्यातून वगळलेली नाहीत ना हे सही करण्याआधी वाचा. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांकासह फोटो काढा. सामान मोडून आलं तर विमानतळ सोडण्याआधी तिथेच लेखी नोंद करून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची तक्रार सात दिवसांत द्यावी लागते, त्यानंतर कोणी दाद देत नाही.

आता मागणी. डेव्ह कॅरल या कॅनडाच्या गायकाची गिटार 2008 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. भरपाई मिळेना तेव्हा त्याने 2009 मध्ये त्यावर गाणं केलं, ते जगभर ऐकलं गेलं. अमेरिकेने 2012 च्या कायद्यात वादकांसाठी कलम घातलं आणि 2015 पासून नियम लागू झाला: चढतेवेळी जागा असेल तर लहान वाद्य विमान कंपनीने केबिनमध्ये घ्यायचं, हातातल्या बॅगेपेक्षा जादा पैसे लावायचे नाहीत. व्हायोलिनला जे मिळालं ते कॅमेऱ्याला का मिळू नये? डीजीसीएने नियम करावा. बॅगेची लांबी-रुंदी आहे तीच राहू द्या, उपकरणं दाखवणाऱ्याला त्याच मापात बारा किलोंपर्यंत नेऊ द्या, वाटल्यास रास्त शुल्क घ्या. ज्याची बॅग कंपनीने दारात काढून घेतली त्याच्या बाबतीत वीस हजारांची मर्यादा लागू करू नका, कारण तो सामान स्वतःजवळ ठेवायला तयार होता. मुंबई, पुणे, नागपूरच्या छायाचित्रकार संघटनांनी हे एका पानावर लिहून, मोडलेल्या लेन्सच्या दुरुस्तीची बिलं जोडून, या हिवाळ्यातल्या लग्नसराईआधी दिल्लीला पाठवावं.