गॉगल आणि थोबाड

गोल चेहऱ्याला चौकोनी गॉगल, चौकोनी चेहऱ्याला गोल. म्हणजे आपण जे नाही ते डोळ्यांवर लावायचं, एवढंच गॉगलच्या दुकानातल्या तक्त्याचं म्हणणं. फक्त लंबगोल चेहऱ्याचे लोक भाग्यवान. त्यांना म्हणे काहीही शोभतं. कॉलेजात मी निर्विवाद गोल होतो. आता कपाळाची सीमा टाळूपर्यंत सरकल्यामुळे चेहऱ्याची उंची वाढली आहे आणि शास्त्रानुसार मी लंबगोलात मोडतो. टक्कल पडून बढती मिळालेला माणूस मी पाहिला नव्हता, आरशात दिसला.

बढती मिळताच मी एव्हिएटर मागितला. १९३०च्या दशकात अमेरिकी वैमानिकांसाठी निघालेला हा आकार. खाली उपकरणांकडे नजर टाकली तरी डोळा झाकलेला राहावा म्हणून त्याच्या काचा गालांवर ओघळलेल्या असतात. माझ्या स्कूटरवर बघण्यासारखं उपकरण एकच, पेट्रोलचा काटा, आणि तो बंद आहे. तरीही सिग्नलला थांबलो की मी मान जराशी तिरकी करतो. विमानतळावर उतरायची परवानगी मागतोय असं बघणाऱ्याला वाटावं, ही इच्छा.

पण गॉगल राहतो कशावर? नाकावर! तक्त्यात नाकाचा उल्लेखच नाही. चेहऱ्याच्या कडेकडेनं फिरून आलेली ही विद्या ऐन मध्यभागी गप्प बसते. गॉगलच्या काडीच्या आत बारीक आकडे असतात, ५२, १८, १४० असे. पहिला काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकासाठीचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. अठरा मिलिमीटर! आमच्या घराण्याचं नाक त्यात मावायचं म्हणजे सांधेबदल करावा लागेल. हे नाक आजोबांकडून आलं. त्यांना जमीन राखता आली नाही, नाक मात्र पुढच्या पिढीला अखंड पोचलं. त्यावर कुठलाही गॉगल चढवला की तो शेंड्यावर थोडा विचार करतो आणि घसरतो. मग मी तो बोटानं वर ढकलतो, आणि वैमानिकाचा क्षणात हेडक्लार्क होतो.

‘यूव्ही ४०० आहे ना?’ असं विचारल्यावर दुकानदार ‘सगळे यूव्हीच’ म्हणाला. काच नुसतीच काळी असेल आणि अतिनील किरणं अडवत नसेल, तर ती न लावलेली बरी. अंधार झाला समजून बुबुळातली बाहुली मोठी होते आणि नको तेच जास्त आत शिरतं. पण तक्त्यात हेही नाही.

हे मला आईमुळे कळलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला दवाखान्यातून काळा गॉगल मिळाला. बाजूंनीही बंद, चेहऱ्याचा आकार कोणी न विचारता दिलेला. आयुष्यातला तिचा पहिला गॉगल. १९७१ साली ‘हरे रामा हरे कृष्णा’मधली झीनत अमान तिनं कौतुकानं पाहिली होती. पण गावातल्या एखाद्या सुनेनं तसा गॉगल लावला असता, तर चर्चा तिच्या डोळ्यांची झाली नसती, चालचलणुकीची झाली असती. मळ्यातल्या उन्हात उभा जन्म काढायचा तर तिला पदर पुरेसा होता. ऊन हे मोतीबिंदूचं एक कारण आहे म्हणे. आम्ही पोरं शहरात येऊन स्टाइलसाठी गॉगल घेत होतो. तिच्यासाठी एक घ्यावा असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. याची चीड येते, आणि ती कोणावर काढावी हे ठरत नाही.

डोळा बरा झाला तरी आईनं गॉगल सोडला नाही. भाजी आणायला गॉगल, देवळात गॉगल, हळदीकुंकवाला गॉगल. मग म्हणाली, ‘हा दवाखान्याचा वाटतो. जरा बरा घेऊ.’ तिला त्याच दुकानात नेलं. दुकानदारानं तक्ता पुढं केला, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, ‘आजी, तुमचा चेहरा ओव्हल आहे. तुम्हाला काहीही शोभेल.’

‘ते मला माहितेय,’ आई म्हणाली. ‘आधी भाव सांग.’