मुदखेड पडद्यामागे

भीमपूरला रेल्वे स्टेशन नाही. पूर्वीही नव्हतं. त्यामुळे हरवलेलं स्टेशन छोट्या रूपात पुन्हा उभं करण्याच्या छंदाला याहून गैरसोयीचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात सापडणं कठीण. आमच्याकडे पैनगंगा आहे, तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे, कापूस आहे, अधूनमधून टिपेश्वरहून नदी ओलांडून येणारा वाघ आहे आणि २०१६ पासून स्वतःचं मंडल आहे. गाडीत बसायचं असेल तर आदिलाबाद गाठा.

पण एखादी गोष्ट हरवायला ती आपल्या गावात असावी लागते असं थोडंच आहे! मीटरगेजचं आदिलाबाद स्टेशन आमचंच होतं. मुदखेडहून निघालेली छोटी गाडी भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट करत आदिलाबादला यायची आणि तिथे संपायची. किनवट १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. पुढे राज्यांच्या सीमा हलल्या, सोयरिकी जागच्या जागी राहिल्या. निम्म्या गावाच्या सासुरवाड्या या लाईनवर. वऱ्हाड याच गाडीने जायचं, रुसलेली सून याच गाडीने माहेरी जायची आणि तिची समजूत काढायला निघालेला नवराही याच गाडीने, फक्त दुसऱ्या दिवशीच्या.

१९९२ साली रेल्वेने ‘युनिगेज’चं धोरण आणलं, देशभर रुळांची रुंदी शक्यतो एकच. यथावकाश आमच्या लाईनचाही नंबर लागला. आता मोठी गाडी येते. नंदीग्राम येते, कृष्णा एक्सप्रेस थेट तिरुपतीहून येते. तक्रारीला जागा उरलेली नाही, आणि आमच्या मोठ्या मामांची तीच तक्रार आहे.

या सगळ्याची सुरुवात मामांनीच केली. पुण्याला लग्नासाठी गेलो असताना त्यांना कर्वे रस्त्यावरचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवायला नेलं. १९९८ पासून ते तिथे आहे. बोटाएवढ्या गाड्या सुटतात, सिग्नल बदलतात, संध्याकाळ होऊन घराघरांत दिवे लागतात. लहान पोरांसकट सगळे तोंड उघडं टाकून बघत होते. मामा कठड्याला टेकून पूर्ण वेळ काहीतरी शोधत राहिले आणि शेवटी मला म्हणाले, “सगळं झ्याक आहे. पण यात आदिलाबाद कुठाय?”

मी परतलो तो हा प्रश्न घेऊनच. वाचायला लागल्यावर कळलं की हे वेड फार प्रतिष्ठित आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली बीचिंग नावाच्या साहेबाने अहवाल दिला, त्यात २,३६३ स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती. लोकांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले आणि तरीही बहुतेक बंद झाल्यावर पोटमाळ्यावर आणि गॅरेजात तीच स्टेशनं पुठ्ठ्याची बांधायला घेतली. ऑक्सफर्डशायरात पेंडन नावाचं एक संग्रहालय आहे. १९२० आणि ३० च्या दशकातला आसपासचा मुलूख, त्यातली गवती छपरांची घरं आणि रेल्वे त्यात हुबेहूब बारीक करून ठेवलीय. ते सुरू करणाऱ्या गृहस्थांचं आडनाव इंग्लंड, आणि माणूस ऑस्ट्रेलियाचा. म्हणजे परगावच्या माणसाने दुसऱ्याचं गाव हळहळत बांधायचं, याला आधार सापडला. भीमपूरने आदिलाबाद बांधायला हरकत नव्हती.

हरकत रुळांनी घेतली. बाजारात सहज मिळणारे खेळातले रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. ते युरोपातल्या गाड्यांच्या सत्त्याऐंशीपट लहान मापासाठी. आमचं मीटरगेज त्या मापात साडेअकरा मिलिमीटर भरतं, आणि तसे रूळ मागवायचे तर एक एकर सोयाबीन विकावं लागेल. मग मी उलटा हिशेब केला. साडेसोळा मिलिमीटर म्हणजेच एक मीटर असं धरलं, की प्रमाण येतं साधारण साठास एक. सरकारने गावासाठी रूळ रुंद केले. मी रुळांसाठी गाव फुगवलं.

साठास एक या मापात माणूस पावणेतीन सेंटिमीटरचा होतो. जुनं पुठ्ठ्याचं तिकीट, जे खिडकीतल्या यंत्रात घालून खट् करून तारीख उमटवत, ते एक मिलिमीटरचं होतं, त्यामुळे सगळे प्रवासी विनातिकीट आहेत. आणि मुदखेड ते आदिलाबाद दीडशे किलोमीटरहून लांब. माझ्या मापातही अडीच किलोमीटर भरतं! एवढ्यात आमचं गाव संपून शेतं लागतात.

यावर जगभरच्या लोकांनी युक्ती काढलीय. शेवटचं स्टेशन तेवढं बांधायचं आणि बाकीची लाईन आडोशाला ठेवायची. गाडी आडोशातून प्रकटते, आडोशात गडप होते. आमच्या ओसरीवर दोन पलंगफळ्या जोडून आदिलाबाद झालं आणि पलीकडे स्वयंपाकघराच्या दारावर जुनं लुगडं टांगलं. किनवट, हिमायतनगर, भोकर आणि खुद्द मुदखेड जंक्शन त्या लुगड्याच्या मागे आहे. त्याचा कारभार अर्थातच आमच्या हिच्याकडे. गाडी तिकडे गेली की उचलायची, तोंड फिरवायचं, पुन्हा सोडायची. पगार नाही, पण अधिकार डिव्हिजनल मॅनेजरचे.

सामान घरातलंच निघालं. उदबत्तीच्या काड्यांचे खांब, काळी माती शेतातून चाळून, तांबूस जागी वाळवलेला चहाचा चोथा. टोकनाचं कडं नातीच्या तुटक्या रिंगेचं. एकेरी लाईन होती ना! दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी, म्हणून पिशवीत टोकन घालून ती कड्याला अडकवत, पोर्टर ते कडं उंच धरून उभा राही आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात घालून उचली. कापसाच्या गाठींना मात्र मी वातींचा कापूस वापरला आणि पस्तावलो, कारण बघायला येणारा जो तो शेतकरी. एकाने चिमटीत धरून सांगितलं, “धागा आखूड आहे. याले भाव नाही भेटत.”

आणि मग साक्षीदार येऊ लागले.

फलाटावर झाड होतं यावर एकमत. ते कडुनिंबाचं होतं असं मामा म्हणतात, चिंचेचं होतं असं आत्या म्हणते. तिने तिथल्या चिंचा खाल्ल्यात, त्यामुळे तिचा पुरावा जास्त आंबट. शेजारचा अन्ना म्हणतो, झाड नव्हतंच, पत्र्याचं छप्पर होतं. सध्या तिथे भोक ठेवलंय आणि ज्याची पाळी असेल त्याचं झाड खोचतो. चहाची टपरी डावीकडे की उजवीकडे, यावरून दोन सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नव्हते. एक मुदखेडकडे तोंड करून सांगत होता आणि एक पाठ करून, हे कळल्यावर तर अबोला आणखी वाढला. इंजिन फिरवायची चकती होती की नव्हती हा वाद अजून कोर्टात आहे. नावाच्या पाटीवर किती भाषा, हाही. पाटी माझ्या नखाएवढी आहे, त्यात मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी बसवायला मागतात आणि आपलीच भाषा वर हवी म्हणतात.

साडूभाऊ दारव्ह्याचे. ते आले ते छातीत शकुंतला घेऊनच. यवतमाळ–मूर्तिजापूरची त्यांची नॅरोगेज, अवघी ७६२ मिलिमीटर रुंद, किलिक निक्सन या विलायती कंपनीची. तिचं १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. माझं स्टेशन त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, “तुमची गाडी मोठी झाली हो, आमची बंद पडली. दुःखात आम्ही सीनियर.” यावर मी त्यांना जास्तीचा चहा दिला.

वाद नसलेली एकच वस्तू म्हणजे वाघ. नातीने प्लास्टिकचा वाघ फलाटावर ठेवला, जवळजवळ इंजिनाएवढा. मी माप सांगायला तोंड उघडलं, तोवर तीन-चार माणसांनी मान डोलावली. हाव, येतोच ना इकडे.

सगळ्यात मोठा दोष मात्र माझ्या लक्षातच आला नव्हता. गाडी पडद्यातून निघून काही सेकंदांत फलाटाला लागायची. लोक बघायचे, टाळ्या वाजवायचे आणि हिरमुसून उठायचे. मामांनी रोग ओळखला. “ही आपली गाडी नव्हेच. ही वेळेवर आली.”

यावरही जगात तोड आहे. छंदवाले लोक घड्याळ जलद करतात. सहापट जलद केलं की एक तास दहा मिनिटांत संपतो. मी भिंतीवर तसं घड्याळ लावलं आणि गाडी दोन तास लेट केली, म्हणजे खरी वीस मिनिटं. आता ओसरीवर वीस मिनिटं काहीच घडत नाही, आणि ते बघायला पूर्वीपेक्षा दुप्पट माणसं येतात. शेंगा फोडतात, ढेकूण नसताना बाकाचे ढेकूण आठवतात, एकमेकांच्या मुलींसाठी स्थळं सुचवतात. दोघांनी तर फलाटाकडे पाठ करून कापसाचा सौदा केला. मुदखेडकडच्या एका स्थळाची बोलणी इथेच लागली. गाडी येते तेव्हा निम्मे लोक बघतही नाहीत, फक्त पिशव्या सावरतात.

परवा मात्र घड्याळात तीन तास उलटून गेले. मामा उठून लुगड्यापाशी गेले आणि जुन्या सवयीने खालच्या आवाजात विचारते झाले, “सूनबाई, गाडी कुठवर आली?”

“तळमडुगू स्टेशन सोडलं नाही अजून,” आतून उत्तर आलं. “क्रॉसिंग आहे.”

“कोणाशी?”

“कुकरशी. दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी झाली की लाईन क्लिअर.”

मामा समाधानाने परत येऊन बसले आणि शेजारच्याला म्हणाले, “काढ अजून शेंगा.”