मोकळी भिंत : एक नागरी समस्या

सार्वजनिक जागा नेमकी कुणाची, या प्रश्नावर जगभरची शहरं डोकं फोडून घेतात. नांदेड आणि लातूरने तो केव्हाच निकालात काढला आहे. ज्याचा वाढदिवस, त्याची जागा.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा कायदा राज्यात 1995 पासून आहे. चारचौघांना दिसणारी भिंत, खांब, कुंपण, अगदी झाडसुद्धा विद्रूप केलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रक्कम मोठ्या विचाराने ठरवलेली दिसते. कोळशाने भिंतीवर नाव लिहिणारं पोरगं तिला घाबरतं आणि ‘भावी नगरसेवक’ ती फ्लेक्सच्या खर्चातच धरून चालतो.

या भावी मंडळींचे उपकार तर विसरताच येणार नाहीत. 2022 मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची काही वर्षं ना निवडणूक, ना नगरसेवक. तेवढा काळ लोकशाही तग धरून राहिली ती विजेच्या खांबांना बांधलेल्या सुतळीवर.

लातूरची गंजगोलाई 1917 सालची. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात. आखणाऱ्याच्या डोक्यात बाजारपेठ होती. आपण सोळा स्वागत कमानींची सोय करतो आहोत, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातही नसेल.

शिक्षणाचा तर पायाच भिंत. लातूरच्या ट्यूशन एरियात नीटचे गुण घरापेक्षा मोठ्या अक्षरांत लागतात आणि खाली तिकिटाएवढे फोटो. गुणवंतांना कीर्ती मिळते. ज्याला कमी पडले, त्याला क्लासच्या वाटेवर रोज नम्रता शिकवली जाते. तिची वेगळी फी नाही.

नांदेडात स्वच्छ सर्वेक्षणाचा हंगाम आला की भिंतींवर नद्या वाहू लागतात. खरी गोदावरी शेजारीच आहे, पण तिच्यात शहराचं सांडपाणी जातं. भिंतीवरची निळीशार असते. शिवाय तिला पूर येत नाही, आणि हंगाम सरला की तिच्यावर क्लासचं पोस्टर चिकटवता येतं.

आता काही कुचकट लोक म्हणतात, प्रशासनाला हे जमतच नाही. साफ खोटं. निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली की सरकारी जागेवरचे फलक 24 तासांत, सार्वजनिक जागेवरचे 48 तासांत आणि खासगी जागेवरचे 72 तासांत उतरवायचे असतात. आणि ते उतरतात. तीन दिवसांत सगळं शहर मोकळं करण्याची ताकद अंगी असून जे उरलेली वर्षं ती वापरत नाहीत, त्यांचा संयम ऋषिमुनींच्या तोडीचा म्हणावा लागेल. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा फलक हटवायला सांगितलं. तरीही हा संयम ढळला नाही.

तक्रार आहे ती एवढीच, की आचारसंहितेच्या दिवसांत फार हाल होतात. चौक ओळखू येत नाहीत, पाहुणे भलत्याच गल्लीत शिरतात, आणि समोर नुसती इमारत दिसली की माणूस बावचळतो. तेव्हा निवडणूक आयोगाने दर चौकात एक तरी फ्लेक्स खुणेपुरता राहू द्यावा. पक्ष कोणताही चालेल. आम्ही पत्ता चेहऱ्यावरून सांगतो.