थाळनेरच्या तटास अनावृत पत्र

प्रति,
तट, किल्ले थाळनेर,
ता. शिरपूर, जि. धुळे.

विषय : आपण वारसा आहात, या आपल्या गैरसमजाबाबत.

स. न. वि. वि.

आपली पात्रता तपासली. खेदाने कळवतो की, आपण बसत नाही.

पहिली अडचण आपल्या पोटाची. १८१८ च्या वर्णनांनुसार एका अंगाला तापी, तिन्ही अंगांना रुंद घळ, घळीतून साठेक फूट वर आलेला तट आणि आतली जमीन तटाच्या माथ्याइतकीच उंच. म्हणजे आत सगळी माती! माती शेतात टाकावी, धाब्यावर पसरावी. खानदेशातल्या कितीतरी गढ्यांची पांढरी माती अशीच ट्रॉल्या भरभरून सत्कारणी लागली. आपण काय सोन्याचे लागून गेलात?

त्या मातीत म्हणे इतिहास असतो. तापीकाठीच खाली प्रकाशे येथे पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये पांढर खणली, तर ताम्रपाषाण काळापासून थेट अकराव्या शतकापर्यंतच्या वस्त्या एकीवर एक रचलेल्या निघाल्या. खापर कुठल्या थरात आहे त्यावरून त्याचं वय कळतं. थर विस्कटला की उरतं फुटकं मडकं. आता मडक्यापायी जेसीबी कोण अडवणार?

दुसरी अडचण आपल्या मालकांची. आपण फारुकी सुलतानांची राजधानी. त्यांची ना जयंती, ना मिरवणूक. बरं, २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांच्या जनरल हिस्लॉपने आपली शिबंदी कापून काढली, होळकरांच्या किल्लेदाराला फासावर चढवलं, तेही आपल्याला नीट खपवता आलं नाही. त्या फाशीवरून पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटात वाद झाला. गावात कुणी विचारीना आणि चर्चा विलायतेत, हे शोभत नाही.

तिसरी अडचण मोजणीची. केंद्राच्या कायद्यात २०१० पासून संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. दगडी भिंत असली की टेप लावता येतो. मातीचा तट कुठं संपतो आणि शेजारचं वावर कुठं सुरू होतं, हे दर पावसाळ्यानंतर नव्याने ठरवावं लागेल. एवढा त्रास कोण घेणार? शिवाय पाऊस आणि तापीमाय या दोघांनाही कायदा वाचता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले यादीत घेतले. धुळे-जळगावचा त्यात एकही नाही. शेजारच्या बागलाणातला साल्हेर मात्र आहे. त्याच्याकडून निदान दगड होण्याचं शिका.

तरी आपला अर्ज अगदीच फेटाळलेला नाही. हद्द आखून होईपर्यंत, उतारावर झाड-गवत रुजेपर्यंत, पाण्याला वाट काढून देईपर्यंत आणि त्यासाठी पैसे मंजूर होईपर्यंत आपणास ढासळण्यास सक्त मनाई आहे. याची नोंद तापीनेही घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वारसाप्रेमी (फक्त दगडी)