गुडघ्याएवढी बाग

परळ-लालबागच्या आकाशात एके काळी गिरणीची चिमणी सर्वांत उंच असे. आता टॉवरांच्या गर्दीत उरलीसुरली चिमणी शोधावी लागते. याच टॉवरांच्या पाचव्या-सहाव्या मजल्यावर मात्र एक जमात राहते, जिला गुडघ्याच्या वर वाढायची परवानगीच नाही: पोडियम गार्डनमधली झुडपं.

त्यात त्यांचा दोष नाही. या बागेखाली जमीन नसते, गाड्या असतात. ओली माती घनमीटरला दीड-दोन टन भरते, म्हणून स्लॅबवर ती बेताचीच टाकतात. तिथे वडाला बोलावलं तर तो यथावकाश कुणाच्या तरी गाडीत डोकावेल. मग बोलावणं जातं ते ड्युरांटा, बुटकी एक्झोरा अशा बारमाही हिरव्या मंडळींना. त्यांचं काम एकच, माती झाकणं. उन्हात ती तापू द्यायची नाही, तणाला उजेड मिळू द्यायचा नाही आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या पावसात ती वाहू द्यायची नाही.

ही बिल्डरची अक्कल, असं वाटत असेल तर मलबार हिलवर चक्कर मारावी. हँगिंग गार्डन, कागदोपत्री फिरोजशहा मेहता उद्यान, 1880च्या दशकापासून पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर बसलेलं आहे. तिथेही तोरा आहे तो कातरून प्राणी केलेल्या झुडपांचा. मुंबईच्या किती पिढ्या त्यांना पाहून समोरच्या म्हातारीच्या बुटाकडे धावल्या! गिरगावच्या चाळीत पहाटे उठून भरलेलं पिंप याच प्राण्यांच्या पायाखालून आलेलं असे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. तेव्हा बागेखाली पाणी होतं, आता पार्किंग आहे. प्रगती म्हणायची ती एवढीच.

पोडियमवर हल्ली बुटका कॅरिसाही दिसतो. गाव दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ. पांढरी सुवासिक फुलं, फांदी मोडली की चीक, आणि दुतोंडी काटा. म्हणजे आपल्या करवंदाचा थेट चुलतभाऊ! लालबागच्या चाकरमान्यांनी मे महिन्यात गावी जाऊन, हात ओरबाडून घेऊन, ओठांना चीक लावून करवंदं खाल्ली. गावाला जाणं जमलं नाही तर दादर स्टेशनबाहेर ‘डोंगरची काळी मैना’ विकत घेतली. आता त्याच कुळातला पाहुणा लिफ्टजवळ उभा आहे आणि कुणी ओळख देत नाही. माळी त्याची शेंडी वाढूच देत नाही, मग फूल-फळ कुठून दिसणार?

कमिटी मात्र त्याच्यावर खूश आहे. चेंडू आणायला मुलं काट्यांत शिरत नाहीत; पगार न घेणारा वॉचमनच मिळाला! तरी मला वाटतं, एक कोपरा एक वर्ष न कातरता ठेवून पाहावा. फळ धरलंच तर ते काळं नव्हे, लाल असेल, पण खाता येतं. अडचण एवढीच की हा विषय वार्षिक सभेत गेला, तर फळं धरण्याआधीच वाद सुरू होईल: वाटप फ्लॅटमागे करायचं की चौरस फुटांप्रमाणे, आणि भाडेकरूंना त्यात धरायचं की नाही.