ही गोधडी कुणाची?

आमच्या आणि आक्कांच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे. त्यांच्या बाजूनं तिच्यावर जास्वंद रेललेली, आमच्या बाजूनं कपड्यांची तार. गल्लीतली निम्मी लग्नं आणि भाऊबंदकीची सगळी भांडणं आधी या भिंतीवर कळतात, मग ज्याच्या त्याच्या घरी.

गेल्या रविवारी तारेवर एक पांढरट, जाडजूड, कॉलरवाला कोट वाळत होता. आक्का फुलं तोडायला आल्या आणि थबकल्या.

"आगं ए पुणेकरीण, ही गोधडी कुणाची गं? बाळंतीण आलीया व्हय घरात?"

लग्न होऊन कोल्हापुरात आल्याला पंचवीस वर्षं झाली, पोरगं इंजिनीअर झालं, तरी आक्कांच्या लेखी मी पुणेकरीणच. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "मी मंडईला जातो, तुला काय आणू?" आणि मी मागे वळून कोण पुरुष बोलला ते बघितलं होतं. इथल्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात हे कळायला मला महिना लागला.

"गोधडी नाही आक्का, ज्युदोचा कोट आहे. माझाच. ट्रंकेच्या तळाशी होता, सव्वीस वर्षं."

"मंग आता भायेर का काढलास?"

"पुन्हा सुरू करावं म्हणतेय."

आक्कांनी परडी भिंतीवर ठेवली. परडी भिंतीवर गेली की समजावं, आता आत दूध उतू गेलं तरी चालणार आहे.

"काय सुरू करणार? पडायचं? ते तर तू पावसाळ्यात केलंस की!"

घाव वर्मी बसला. जुलैत मागच्या दाराच्या शेवाळलेल्या पायरीवरून मी घसरले, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या दिवसांत रोज संध्याकाळी याच भिंतीवरून भाकरी-पिठल्याचं ताट यायचं, त्यामुळे आक्कांना टोमण्याचा पूर्ण हक्क आहे. पण एक गोष्ट मी त्यांनाच काय, नवऱ्यालाही सांगितली नव्हती. ती त्या दिवशी सांगून टाकली.

ज्युदोत पहिले दोन-तीन महिने नुसतं पडायला शिकवतात. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे, आणि जमिनीवर आपटायचं तर खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात, तळवा खाली, फाडकन. म्हणजे पडण्याचा जोर सगळ्या हातभर वाटला जातो. आणि पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगतात, काहीही होवो, पडताना हात पुढे टेकायचा नाही. हात टेकला की मनगट गेलं. पुण्यात कॉलेजात असताना सहा वर्षं मी रोज संध्याकाळी दीड-दोनशे वेळा पडत होते. ब्राउन बेल्ट होते. आणि त्या पायरीवर पाय सुटल्यावर मी काय केलं? हात पुढे टेकला.

आक्का क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "म्हंजे तुला पडायला शिकवलंतं, आन् तू इसरलीस."

"हो."

"मंग आदी पडायलाच शीक. फेकायचं मागनं बघू." आणि लगेच, "पर त्येला ज्युदोच कशाला? आमच्या कोल्हापुरात काय कमी हाय?"

हा प्रश्न मी महिनाभर स्वतःलाच विचारत होते. कारण पन्नाशीत परत जायचं म्हटलं की सगळी दारं एकदम उघडी दिसतात. विशीत आपण जे घराजवळ असतं ते धरतो. पन्नाशीत गुडघे, मनगट, कमर, नवरा आणि यूट्यूब अशा सगळ्यांची मतं घ्यावी लागतात.

आक्कांचं मत तयार होतं. मर्दानी खेळ. "कोपऱ्यावरच्या बंगल्यातली धाकटी सून जाती की! शिवजयंतीच्या मिरवणुकीत काय लाठी फिरवली! सासू आदी नाक मुरडत हुती, पेपरात फोटू आल्यावर आता सगळ्यांस्नी दावत फिरती. परवा गच्चीवर सराव करताना टूबलाईट फोडली, ते न्हाई सांगत कुणाला."

"लाठीला मनगट लागतं हो आक्का. डॉक्टर अजून रबरी चेंडू दाबायला लावतात."

"मंग दांडपट्टा घे. त्यात मनगाट कुठं हालतंय?"

हे खरंच आहे, आणि मला आधी सुचलं नव्हतं. दांडपट्ट्याचा हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, मनगट आत जखडलेलं राहतं. सगळी फिरत खांद्यातून आणि कमरेतून. २०२४ साली सरकारनं त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा आक्कांनी गल्लीत पेढे वाटले होते, जणू सरकारी कागदावर त्यांचीच सही होती. पण दांडपट्टा मोकळ्या जागेत, एकट्यानं, चारी बाजूंना फिरवायचा. लिंबू कापता येईल. मला पाडणार कोण?

कराटेची चौकशी करून आले होते, तेही सांगितलं. हॉलमध्ये चाळीस पोरं, सगळ्यात मोठं सातवीतलं. सरांनी वही उघडली आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, मुलाचं नाव?" मी म्हटलं, मीच. मग त्यांनी फीचा कागद दिला. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, दर परीक्षेला फी वेगळी, पट्टा वेगळा, सर्टिफिकेट वेगळं.

"भिशीपरास वाईट," आक्का म्हणाल्या.

कराटेला नावं ठेवायची नाहीत मला. काता हा प्रकार तर वयाला धार्जिणा आहे. ठरलेल्या हालचाली, ठरलेला क्रम, एकट्यानं, साठीतही घोटून घोटून करता येतात. पण मला एकटीनं काही करायचंच नाही. घरात मी दिवसभर एकटीच असते. कुणीतरी समोरून कॉलर धरावी, ओढावं, तोल घालवावा, आणि तरीही मी नीट पडावं, एवढंच हवंय. नणंदबाईंनी ताई चीचे अकरा व्हिडिओ पाठवलेत. त्यात कुणी कुणाला हातही लावत नाही.

भाचा पुण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सूला जातो. तो म्हणतो, मावशी, तुझ्या ज्युदोचीच भावकी आहे. मायेदा नावाचा ज्युदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोचला, तिथे त्यानं ग्रेसी घराण्यातल्या पोराला शिकवलं, त्यातून हे निघालं. बरीचशी झुंज जमिनीवर बसून-लोळून, त्यामुळे उंचावरून आपटायची भीती कमी.

"आन् ते कोल्हापुरातनं पुण्याला जाऊन करायचं? लोळायला सव्वादोनशे किलोमीटर? आमच्या तालमीच्या हौद्यात फुकट लोळ की!"

म्हणजे शेवटी ज्युदो. तिथेही गेले होते. मास्तर तिशीतला, नम्र पोरगा. म्हणाला, "मॅडम, तिशीपासूनच व्हेटरन धरतात. पाच-पाच वर्षांचे गट असतात, तुम्ही पन्नास ते चोपन्नमध्ये." जागतिक संघटनेनं मला तिसाव्या वर्षीच म्हातारी ठरवलं होतं आणि मला पत्ताच नाही. मग त्यानं गुण सांगितले. मी सोडलं तेव्हा इप्पोन, वाझा-आरी, युको, कोका असे चार गुण होते. २००९ पासून कोका गेला. २०१७ साली युको गेला. २०२५ साली युको परत आला.

"रेशनकार्डासारखंच," आक्का म्हणाल्या. "नाव कमी झालं, परत चढलं."

पण खरी गोम पुढे होती. विशीत माझा एकच डाव चालायचा. झटकन वाकायचं, समोरच्याच्या दोन्ही मांड्यांना मिठी, खांदा पोटाला, आणि उचलून मागे. मोरोते गारी. बाकी सगळं मला जेमतेम यायचं, या एका डावावर मी पट्टे मिळवले. मास्तर ओशाळून म्हणाला, "ते आता चालत नाही मॅडम. २०१० मध्ये बंधनं आली, २०१३ पासून उभ्या झुंजीत पायाला हात लावायचाच नाही. लावला की दंड." ज्युदोची मूळ संस्था कोदोकान, तिच्या डावांच्या यादीत तो अजून आहे म्हणे, पण स्पर्धेत नाही. ज्युदो कुस्तीसारखी दिसायला लागली होती, हे त्यामागचं एक मोठं कारण.

गंमत अशी की १८८२ मध्ये ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो यांनी स्वतः तरुणपणी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकातून पायाला हात घालून खांद्यावर उचलून फेकण्याचा डाव शोधला होता, आणि वर्गातल्या एका दांडग्या गड्याला पाडलं होतं. आजोबांनी उसना आणलेला डाव नातवंडांनी बाहेर घातला!

मी हे हातवारे करून सांगत होते. आक्का डोळे बारीक करून बघत होत्या.

"परत दाव बघू. दोनी पायांस्नी?"

मी दाखवलं.

"आगं ह्यो दुहेरी पट! जपानी कसला? आमच्या बाचा डाव!"

आक्कांचे वडील पैलवान. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात त्यांच्या कुस्त्या झालेल्या. बाईमाणसानं तालमीत पाय टाकायचा नाही, ही तेव्हाची रीत. छोटी आक्का तालमीच्या मागच्या खिडकीत उभी राहायची, आत ताक, हळद, तेल घातलेली लाल माती, तिचा वास अजून नाकात आहे म्हणतात. "मी समदे डाव खिडकीतनं शिकलो. थोरला भाऊ घरात नसला की बा माझ्यावरच सराव करायचा अंगणात. आयनं बघितलं की दोघांस्नी शिव्या."

मग मी त्यांना केइको फुकुदाबाईंची गोष्ट सांगितली. कानोंची हयात असलेली शेवटची शिष्या. बाई म्हणून तिला पाचव्या दानवर, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पाचव्या पायरीवर, कित्येक वर्षं अडवून ठेवलं होतं. अमेरिकेत जाऊन शिकवत राहिली आणि २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, दहावा दान मिळाला.

"अठ्ठ्याण्णव?" आक्कांनी हिशेब केला. "मंग मी अजून कवळाच हाय." आक्का सदुसष्ट वर्षांच्या आहेत.

"पण माझा डावच गेला ना आक्का. परत जायचं ते कशाच्या जिवावर?"

"एक डाव ग्येला तर येवढं रडतीस? ढाक शीक. पायाचा संबंधच न्हाई. खाशाबांचा डाव!"

आणि मग खाशाबा जाधव सुरू झाले. कोल्हापुरात ज्युदोपासून ढोकळ्यापर्यंत कुठूनही निघा, पाच मिनिटांत खाशाबांपाशी पोचता. गोळेश्वरचं पोर, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिक, ब्राँझ. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी त्यांना पाठवायला सात हजारांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. ही गोष्ट आक्का दर वेळी अशी सांगतात की सावकाराच्या दारात त्या स्वतः उभ्या होत्या. मी मध्ये बोलत नाही.

"बग हिकडं." आक्कांनी भिंतीवरून हात लांबवून तारेवरच्या माझ्या कोटाची कॉलर धरली. "मान आशी काखंत. घट्ट. ह्यो हात त्येच्या दंडाला. आता कंबर आत घालायची, आत, आन् वळायचं. पायाला हात लावलास तर मार खाशील."

मी बघतच राहिले. हा तर कोशी गुरुमा. मान धरून कमरेवरून फेकायचा, ज्युदोत आजही चालतो. कॉलेजात मास्तरांनी तीन वेळा शिकवला होता, मला कधी जमला नाही, म्हणून मी पायांच्या मागे लागले होते.

"मनगट दुखेल का यात?"

"कोपरात धरायची मान. मनगटाचं काय काम?" म्हणत आक्कांनी पदर खोचला, कंबर आत घातली आणि सदुसष्ट वर्षांच्या वजनानिशी वळल्या. तारेचे दोन चिमटे टणकन उडाले. ओला कोट भिंत ओलांडून त्यांच्या डोक्यावरून गेला आणि जास्वंदीत चितपट पडला. परडीतली निम्मी फुलं माझ्या अंगणात.

आवाजानं समोरच्या गिरणीवाल्यांच्या वैनी गॅलरीत आल्या. पीठभरला हात डोळ्यांवर धरून त्यांनी विचारलं, "काय वो आक्का, काय चाललंय?"

आक्कांनी कोट उचलला, त्यावरची पानं झाडली, आणि दम टाकत मोठ्यानं म्हणाल्या, "काय न्हाई. पुणेकरणीची गोधडी झटकतोय."